आजोबा लबाड निघावेत म्हणून

वाउटर्स : नाही साहेब, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. 'शोधाचं कारण'. इथे येणारे बहुतेक जण 'वंशावळ' लिहितात. तुम्ही 'वैयक्तिक' लिहिलंय. वैयक्तिक म्हणजे काय?

अन्शेल : म्हणजे… तसं पाहिलं तर वंशावळच. पण तशी नव्हे. लिओनी, काय लिहू गं?

लिओनी : खरं आहे ते लिही. 'माझे आजोबा लबाड होते हे सिद्ध करायचं आहे.'

वाउटर्स : काय म्हणालात?

लिओनी : बाई, तुमच्या या दप्तरखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला आजोबा थोर निघायला हवे असतात ना? कुणाला मोठा धर्मगुरू, रब्बी हवा असतो, कुणाला व्हिएन्नाचा डॉक्टर. आम्हाला लबाड हवाय. याचे आजोबा, नफ्ताली रापापोर्ट, एकोणीसशे सव्वीस साली पोलंडहून अँटवर्पला आले. ते जर दुसऱ्याच्या कागदांवर, खोट्या नावाने आले असतील, तर आमचं लग्न होतंय. खरे निघाले, तर बोंबला.

वाउटर्स : कुणाचं लग्न?

लिओनी : आमचं. हा बहात्तर वर्षांचा, मी अडुसष्ट. हसा, हसा. आमच्या गल्लीतले सगळे हसून झालेत.

वाउटर्स : वाचन कक्षात मी हसत नाही.

अन्शेल : मी नीट सांगतो. बाई, मी कोहेन आहे. म्हणजे आम्हा ज्यूंमध्ये एक जुनं पुरोहितांचं कुळ असतं. जेरुसलेमच्या मंदिरापासून चालत आलेलं, बापाकडून मुलाकडे. मंदिर पडलं, पण कुळ राहिलं, आणि त्याबरोबर काही नियम—

लिओनी : हा असा बोलत राहिला तर तुमची कुलूप लावायची वेळ होईल. मी सांगते. कोहेनला दोन मान असतात. ग्रंथवाचनाला पहिलं बोलावणं त्याला, आणि सणाच्या दिवशी पुढे उभं राहून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा तोही त्याने. त्याबदल्यात दोन गोष्टी करायच्या नाहीत. स्मशानात पाऊल टाकायचं नाही, आणि घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न करायचं नाही. आता आपल्या तिघांत घटस्फोट झालेली बाई कोण ते ओळखा.

वाउटर्स : माझाही झालाय.

लिओनी : घ्या! अन्शेल, सांभाळून. इथे तुला दोन दोन बायका मना आहेत.

अन्शेल : लिओनी…

लिओनी : तर रापापोर्ट हे नाव कोहेनांचं. पण समजा, आजोबांनी ते नुसतं विकत घेतलं. त्या काळी नावं विकत मिळायची, पासपोर्टासकट. मग हा कोहेन उरत नाही. साधा माणूस होतो. साध्या माणसाला मी चालते. आमचे रब्बी म्हणाले, कागद आणा. काहीही आणा, पण कागद आणा. भले माणूस आहेत हो, त्यांचा जीव तुटतोय. पण कागदाशिवाय त्यांचा हात उठत नाही.

वाउटर्स : मी 'वंशावळ' लिहिते.

अन्शेल : आभारी आहे.

वाउटर्स : पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. पिशवीत काय आहे?

लिओनी : खसखशीचा केक.

वाउटर्स : बाहेर. साहेब, तुमच्या कोटाच्या खिशात काहीतरी जड दिसतंय.

अन्शेल : खडा आहे.

वाउटर्स : खडा?

अन्शेल : सकाळी स्टेशनाबाहेर सापडला. गुळगुळीत होता, म्हणून उचलला.

लिओनी : याच्या बायकोसाठी. म्हणजे गिटासाठी. ती माझी मैत्रीण, नऊ वर्षं झाली तिला जाऊन. आमच्यात कबरीवर फुलं नसतात, खडे ठेवतात. पण हा पडला कोहेन! गिटाला पुरलं तेवढ्यापुरता आत गेला, तेवढी सूट असते. त्यानंतर आत जाता येत नाही. म्हणून आम्ही पुट्टेला जातो, सीमेपलीकडे.

वाउटर्स : हॉलंडमध्ये का?

लिओनी : तुमच्या देशात काही वर्षांनी कबरी उकरतात, आणि आमच्या लोकांना एकदा झोपलं की उठवलेलं चालत नाही. म्हणून मेल्यावरही आम्ही एक सरहद्द ओलांडतो. सवय जात नाही. तर तिथे हा कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा राहतो, माझ्या हातात खडा देतो, मी आत जाऊन ठेवते आणि परत येऊन सांगते, गिटा बरी आहे. नऊ वर्षं मी याची पोस्टमन आहे. कुणीतरी प्रेमात पडणारच होतं.

वाउटर्स : खडा चालेल. खड्यांबद्दल नियम नाही. चार नंबरच्या टेबलावर बसा. फाइल आणते. आणि आवाज हळू.

(थोड्या वेळाने, चार नंबरच्या टेबलापाशी.)

लिओनी : एवढी जाड? माझ्या घटस्फोटाची याच्या निम्मी नव्हती, आणि त्यात तर दोन वकील होते.

अन्शेल : परदेशी माणसांवर नजर ठेवणारं पोलिसांचं वेगळं खातं होतं. प्रत्येक परदेशी माणसाची एक फाइल. कुठे राहतो, काय करतो, कुणाला भेटतो.

लिओनी : आजोबा कुणाला भेटत होते हे आजीला माहीत नसेल, पण पोलिसांना माहीत. वाच ना.

अन्शेल : 'इसम शांत स्वभावाचा. दारू पीत नाही. घरमालकिणीची तक्रार नाही, मात्र जिन्यात कांद्याचा वास येतो असं ती सांगते.'

लिओनी : झालं! इतका कांदा खोटा माणूस खात नाही. आपलं लग्न मोडलं.

अन्शेल : थांब. इथे व्यवसाय बघ. आधी 'विद्यार्थी'. मग 'टोप्या शिवणारा'. मग 'हिऱ्यांना पैलू पाडणारा'. पुढच्या पानावर पुन्हा 'विद्यार्थी'.

लिओनी : शाब्बास आजोबा! खोटं बोलायला लागलेत.

अन्शेल : ज्या धंद्याला परवाना मिळेल तो धंदा सांगायचे सगळे. त्याला लबाडी म्हणत नाहीत.

लिओनी : तू कुणाच्या बाजूने आहेस रे?

अन्शेल : हे ऐक. 'सदर इसम दर शुक्रवारी संध्याकाळी एका शिंप्याच्या माडीवर जातो. तिथे किमान दहा पुरुष जमतात. दहा झाल्याशिवाय कामकाज सुरू होत नाही, दहावा येईपर्यंत एक जण रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावतो. नंतर सगळे एकाच भिंतीकडे तोंड करून पुटपुटतात. कम्युनिस्ट बैठक असण्याचा संभव.'

लिओनी : अरे देवा! भिंतीकडे तोंड करून! बैठकीत कुणी कुणाचं तोंड बघत नाही हे कम्युनिस्टांसारखंच आहे म्हणा. आणि प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणून दहावा गडी रस्त्यातून पकडून आणायचा! माझ्या वडिलांना असं किती वेळा पकडलंय. ते तर खरे कम्युनिस्ट होते, पण एकदा आत शिरले की जेवण झाल्याशिवाय बाहेर पडायचे नाहीत.

वाउटर्स : चार नंबर. हळू.

लिओनी : माफ करा बाई. आजोबा कम्युनिस्ट निघतायत.

अन्शेल : लिओनी.

लिओनी : आता काय?

अन्शेल : हे पत्र. कोलोमियाहून, आजोबांच्या गावाहून आलेलं. इथल्या पोलिसांनी एकोणतीस साली तिकडे विचारलं होतं, हा माणूस तुमचाच का. उत्तर असं : 'नफ्ताली रापापोर्ट या नावाची व्यक्ती आमच्या जन्मनोंदीत नाही.'

लिओनी : नाही?

अन्शेल : नाही.

लिओनी : म्हणजे नावच खोटं! अन्शेल, सापडलं! या म्हाताऱ्याला मी आता उचलून— अरे, तुझा चेहरा असा का पडला?

अन्शेल : आनंद झाला.

लिओनी : आनंद असा दिसतो? दाढ काढून आल्यासारखा?

अन्शेल : कागद हवा होता, तो मिळाला. खरंच बरं वाटलं.

लिओनी : छान. मग छापील प्रत घेऊ, रब्बींच्या टेबलावर ठेवू, आणि महिन्याभरात तुझ्या त्या स्वयंपाकघरातले पडदे मी जाळते. पुढचं कशाला वाचतोस? बंद कर ना.

अन्शेल : एकच पान. पुन्हा तोच खबऱ्या. आता सणाचा दिवस आहे. 'जमाव मोठा. मध्येच इसम नफ्ताली आणि आणखी तिघे बूट काढून पुढे गेले. त्यांनी डोक्यावरून पांढरी शाल ओढून घेतली, चेहरा पूर्ण झाकला, आणि शालीखाली दोन्ही हात पुढे करून बोटं विचित्र तऱ्हेने फाकवली. जमावातल्या सर्वांनी खाली पाहिलं, काहींनी लहान मुलांना स्वतःच्या शालीत घेतलं. एखाद्या गुप्त संघटनेची खूण असावी. नक्कल सोबत जोडली आहे.' …त्याने चित्र काढलंय, लिओनी. बघ.

लिओनी : बोटं चुकलीत. त्याने अंगठा आत घेतलाय.

अन्शेल : बाकी बरोबर आहे.

लिओनी : अन्शेल, रडतोयस का?

अन्शेल : आशीर्वादाच्या वेळी हात पाहायला मनाई असते ना. सगळे खाली बघतात. आजोबांचे हात कुणीच पाहिले नव्हते. फक्त या खबऱ्याने पाहिले.

लिओनी : रुमाल घे. पानावर पाणी पडलं तर ती बाई आपल्याला केकजवळ नेऊन बसवेल.

अन्शेल : बाबांकडे आजोबांचं काहीच उरलं नव्हतं. बेचाळीसला त्यांना नेलं मेखेलनच्या छावणीत, तिथून मृत्युछावणीची गाडी. बाबा चौदा वर्षांचे, एका शेतकऱ्याच्या तबेल्यात लपलेले. लढाई संपली तेव्हा ना फोटो, ना घड्याळ. बाबा म्हणायचे, मला वारशात फक्त बोटं मिळाली. ती कशी धरायची एवढं आजोबांनी शिकवलं होतं. मला त्यांनी शालीखाली घेतलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आत उबदार होतं, आणि बाबांच्या हातांना साबणाचा वास होता. म्हणाले, बघ, अशी. हे कुणी घेऊ शकत नाही.

लिओनी : आणि आता मी घेतेय.

अन्शेल : तसं मी म्हटलं नाही.

लिओनी : तू कधीच म्हणत नाहीस. तुझं न म्हटलेलं ऐकायलाच मी आले आहे आयुष्यात. हे बघ, फाइल बंद करू. खाली जाऊ, केक खाऊ. तू कोहेन राहा, मी पोस्टमन राहते. तुझ्या शेजारच्या इमारतीत राहते, शुक्रवारी तुझ्याकडे जेवते, भांडते, घरी जाते. नवरा-बायको तरी वेगळं काय करतात?

अन्शेल : तुला चालेल?

लिओनी : नाही चालणार. पण म्हणाले ना.

अन्शेल : हे शेवटचं पत्र तेवढं राहिलंय. पोलिश आहे. सोबतचं भाषांतर फाटलेलं आहे.

लिओनी : आण इकडे. आई-बाबा घरात पोलिशमध्येच भांडायचे, त्यामुळे वाईट वाईट शब्द सगळे येतात. 'कोलोमिया, मार्च एकोणीसशे तीस. आपण आईचं नाव कळवल्यावरून पुन्हा पाहिलं. सदर इसम आईच्या आडनावाने नोंदलेला आहे, नफ्ताली फॉयरश्टाइन.' आईच्या? का?

अन्शेल : तिकडे असंच चालायचं. लग्न रब्बीने लावायचं आणि सरकारात नोंदवायचंच नाही. मग सरकारच्या लेखी लग्न नाही, मूल आईच्या नावावर. निम्मं गाव असं अनौरस होतं.

लिओनी : 'आई-वडिलांचा विवाह केवळ धार्मिक. वडील मोशे रापापोर्ट, धान्याचे व्यापारी, येथील सर्वांना ज्ञात. इसमाची ओळख पटली.' …म्हणजे खरे आहेत.

अन्शेल : खरे आहेत.

लिओनी : रापापोर्टच. कोहेनचा मुलगा कोहेन, सर्वांना ज्ञात. कांदा खाणारा, शांत, भला माणूस. मी म्हटलं नव्हतं? काय मेली आमची नशिबं. एक लबाड मागितला, तोही मिळाला नाही.

अन्शेल : वाईट वाटतंय मला.

लिओनी : खोटारडा. तुझा चेहरा आत्ता उजळलाय.

अन्शेल : दोन्ही वाटतंय.

लिओनी : असू दे. निदान तुला आजोबा परत मिळाले. संपवते एवढं. 'आई पेर्ल फॉयरश्टाइन, स्तानिस्लाव गावच्या एका घोडेव्यापाऱ्याची…' हं.

अन्शेल : काय?

लिओनी : काही नाही. एक शब्द आहे. आई शेजारणींशी माझ्याबद्दल बोलताना आवाज खाली आणून म्हणायची तो. कुठल्याही कागदावर, कितीही लांबून ओळखेन मी. 'घोडेव्यापाऱ्याची घटस्फोटित पत्नी.' घे, पणजीबाई माझ्याच जातीची निघाली. …अन्शेल? असा काय बघतोस?

अन्शेल : पुन्हा वाच.

लिओनी : घटस्फोटित पत्नी.

अन्शेल : पेर्ल. मोशेशी लग्न व्हायच्या आधी.

लिओनी : हो. तारीख आहे इथे. आधी घोडेवाला, मग घटस्फोट, मग तीन वर्षांनी मोशे, मग नफ्ताली. का रे?

अन्शेल : मोशे कोहेन होता.

लिओनी : मग?

अन्शेल : कोहेनने घटस्फोटितेशी लग्न केलं. करायचं नसतं, पण केलं तर लग्न टिकतं. फक्त त्याला स्वतःला आशीर्वाद द्यायला पुढे जाता येत नाही, आणि त्यांच्या मुलांचं कोहेनपण जातं. मुलाचं, नातवाचं, पुढच्या सगळ्यांचं. नियम स्पष्ट आहे, त्यात दोन मतं नाहीत. मी पुस्तकातून किती वेळा वाचलाय तो, दुसऱ्या लोकांबद्दल म्हणून.

लिओनी : थांब. म्हणजे तू…

अन्शेल : मी कोहेन नाही. बाबा नव्हते. आजोबाही नव्हते.

लिओनी : पण आजोबा तर शाल घेऊन पुढे उभे होते! पोलिसांनी चित्र काढलंय!

अन्शेल : तेच म्हणतोय.

लिओनी : म्हणजे लबाड होते?

अन्शेल : थोडे. कोलोमियात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे सणाच्या दिवशी बाकीचे कोहेन पुढे जात असतील, आणि मोशे आपला बाकावर बसून राहत असेल. पेर्लसाठी. शेजारी लहान नफ्ताली, बाकावरच. मग तो मोठा होऊन अँटवर्पला आला. इथे पोलिसांनी त्याला सगळं विचारलं, कुठून आलास, आईचं नाव काय, काय खातोस, कुणाकडे जातोस. त्याने सगळं खरं सांगितलं.

लिओनी : धंदा सोडून.

अन्शेल : धंदा सोडून. आणि एका शुक्रवारी त्या शिंप्याच्या माडीवर कुणीतरी सहज विचारलं असेल, 'रापापोर्ट का? मग कोहेन असाल?' तिथे कागद मागत नव्हते. तो म्हणाला असेल, हो.

लिओनी : बिचारा. एकदाच खोटं बोलला, तेही आशीर्वाद देण्यासाठी. …अन्शेल, आता हे मी सांगते ते ऐक. हे पत्र कुणी वाचलं नाही. भाषांतर फाटलंय. ती बाई पोलिश वाचत नसावी. आपण फाइल बांधून परत देऊ. तुझी बोटं तुझ्याकडे राहतील. मँचेस्टरला तुझा मुलगाही पुढे जातो ना सणाला? त्याला काय सांगशील? मी नाही घेणार हे तुमच्याकडून.

अन्शेल : त्याला सांगेन की माझ्या पणजोबांनी खाली बसायचं ठरवलं होतं.

लिओनी : आणि तू?

अन्शेल : मला वाटत होतं, लग्न करायचं तर कुणीतरी खोटं निघायला हवं. पण मोशेने खोटं काही केलं नाही. तो नुसता बाकावर बसला. बहात्तराव्या वर्षी पाय तसेही दुखतात, लिओनी. बसता येईल मला.

लिओनी : हे मला मागणी घालतोयस का? पाय दुखतात म्हणून?

अन्शेल : मी घातली होती ना मागे एकदा.

लिओनी : तेव्हा तू म्हणालास, 'गिटाला तुझा स्वयंपाक आवडायचा.' ती मागणी होती हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

वाउटर्स : चार नंबर. अर्ध्या तासात बंद होईल. काही छापील प्रत हवी आहे?

लिओनी : हे पोलिश पत्र, बाई. शिक्क्यासह.

वाउटर्स : सापडले का मग? आजोबा लबाड?

लिओनी : सापडले. तळहाताएवढे लबाड.

वाउटर्स : अभिनंदन.

अन्शेल : आणि… ते चित्रही द्याल? हातांचं. त्या खबऱ्याने काढलेलं. ते रब्बींसाठी नको, मला हवंय.

वाउटर्स : दोन प्रती. मागच्या पानावर सही करा. पेन्सिलीने चालेल.

लिओनी : चल, कोटाची बटणं लाव, चष्मा घे. रविवारी पुट्टे आहे ना? मफलर विसरू नकोस, त्या कुंपणापाशी वारा फार लागतो तुला.

अन्शेल : या वेळी कुंपणापाशी नाही थांबणार.

लिओनी : …हो की.

अन्शेल : खडा देऊ का तुझ्याकडे? पिशवीत ठेव.

लिओनी : नको. राहू दे तुझ्याच खिशात.